एका हाताने खेळलेला सामना

रग्बीच्या सामन्यात चार इंग्रज एकदम लॅचलनच्या अंगावर कोसळले, तशा टॉडबाई समोरच्या रँकिन खाटकाला कोपराने बाजूला सारून थेट मैदानाच्या कडेच्या दोरापाशी पोहोचल्या. माणसांचा ढीग हलला, एकेक जण उठला. लॅचलन सगळ्यांत शेवटी उठला. त्याचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता.

"मोडलं हाड," रँकिन म्हणाला. "वहिनी, लवंगा तोडायच्या सोडून स्कॉटलंडकडून खेळायला कुणी सांगितलं होतं याला?"

"त्याचा बाप इथलाच, फाइफचा आहे."

"आणि आई?"

टॉडबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली. लॅचलन स्पेन्सचा जन्म पूर्वेकडच्या, लवंगांच्या मोलुक्का बेटांवरचा. बाप जहाज घेऊन तिकडे गेला आणि तिथल्याच बाईशी लग्न करून तिथलाच झाला. पोराला मात्र त्याने डॉक्टरकी शिकायला एडिनबरोला धाडलं. तेव्हापासून तो टॉडबाईंच्या माडीवर भाड्याने राहत होता. इंग्लंडविरुद्धच्या संघात त्याची निवड झाली, तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच जणांची तोंडं कडू झाली होती.

कप्तान त्याला मैदानाबाहेर जायला सांगत होता. लॅचलनने मान हलवली, उजवा हात सदऱ्याच्या आत कोंबला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

सामना संपत आला होता. स्कॉटलंडची आघाडी जेमतेम होती. तेवढ्यात एक धिप्पाड इंग्रज चेंडू काखेत मारून सुटला. त्याच्यापुढे मैदान मोकळं होतं. लॅचलन पार दुसऱ्या टोकाला. तो निघाला. बाकीचे चिखलात रुतत होते, घसरत होते. याची पावलं मात्र जमिनीला लागतच नव्हती जणू. टॉडबाईंच्या हातातली छत्री केव्हा गळून पडली, त्यांना कळलं नाही. माणूस असा धावू शकतो, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. गोलरेषेच्या हातभर अलीकडे लॅचलनने डाव्या हाताने त्या गड्याच्या गुडघ्यांना मिठी घातली आणि दोघे आपटले, नेमके त्या मोडक्या खांद्यावर.

लॅचलन हलेना.

"ऊठ रे पोरा!" रँकिन ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "ऊठ, माझ्या राजा!"

लॅचलन उठला. थोड्याच वेळात सामना संपला. स्कॉटलंड जिंकलं.

त्याला घरी आणून स्वयंपाकघरातल्या बाकावर बसवलं. डॉक्टरांनी सदरा कापून काढला. लॅचलन हूं की चूं करत नव्हता. पण त्यांनी खांदा मागे खेचला, तसा त्याच्या तोंडून एक शब्द निसटला. मग तसेच आणखी काही, भराभर, लहान मुलासारखे.

"काय म्हणतोय हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईला बोलावतोय."

"तुम्हाला कळते त्याची भाषा?"

"नाही."

त्याचं घामेजलेलं कपाळ टॉडबाईंनी छातीशी घेतलं आणि त्या बोलू लागल्या. ते इंग्रजी नव्हतं. त्या स्कॉटलंडच्याच हॅरिस बेटावरच्या. माहेरची भाषा गॅलिक. लग्न होऊन शहरात आल्या त्याच आठवड्यात नवऱ्याने बजावलं होतं, ते रानटी बोलणं या घरात नको. नवरा वारला तरी जीभ वळली नव्हती. आता वळली. सुरुवातीला अडखळत, मग धो धो. आपल्याच आवाजाने त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत. किनाऱ्यावरच्या सील प्राण्यांचं सांगितलं, आईच्या हातच्या भाकरीचं सांगितलं.

लॅचलनचं कण्हणं थांबलं. डोळे मिटूनच त्याने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. टॉडबाईंनी आपल्या भाषेत उत्तर दिलं. तो किंचित हसला आणि पुढे बोलू लागला.

डॉक्टरांनी पट्टी बांधली. पेटी उचलून, दार हलकेच लोटून ते बाहेर पडले. त्यांच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.