गुलाबी पाण्याचा निवाडा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिना भरला, काहीजण खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते. समोरच्या टेबलावर काचेचा ग्लास आणि त्यात नितळ पाणी. एका बाईने त्यात बोटं बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. तिचा नवरा डोकं धरून मटकन खाली बसला.

"पाण्याला जीभ नाही, म्हणून पाणी खोटं बोलत नाही!" पाणीवाले महाराज गरजले. "परपुरुषाचा स्पर्श साबणाने जात नाही, बायांनो!" मग त्यांनी ग्लासात 'क्षमाजला'चे थेंब सोडले. पाणी पुन्हा नितळ झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांत माझेही हात होते. पुढचा नंबर माझ्या बायकोचा होता.

मी कारखान्यात लेथवर काम करतो. केसाएवढी चूक माझ्या नजरेतून सुटत नाही, याची मला भारी घमेंड. आम्हाला एक मुलगी आहे. दुसरं मूल इतक्यात नको होतं. बायको म्हणाली होती, "डॉक्टरांना विचारून काहीतरी वापरू या." मी म्हणालो, "काय गरज? मी वेळेवर बाजूला होतो ना." आमच्या फोरमनचा तो हुकमी उपाय. बारा वर्षांत एकदाही फसला नाही म्हणे.

आणि तिची पाळी चुकली. तपासणीची पट्टी तिने माझ्यासमोर धरली, तेव्हा माझ्या मनात एकच आलं: मी तर चुकलो नाही. मग हे कुणाचं?

ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. उशीर झाला की विज्ञानाचे सर तिला स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडायचे. आधी मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता ती बोलायला लागली की 'सर म्हणाले' किती वेळा येतं ते मी मोजायचो. तिचा रुमाल हुंगायचो. ती अंघोळीला गेली की फोन चाळायचो. काहीच सापडायचं नाही, आणि सापडत नाही म्हणून आणखी जळायचो. शेवटी महाराजांच्या शिष्याला गाठून सगळं सांगितलं. अगदी स्कूटरसुद्धा!

"येते मी," महाराजांकडे चल म्हटल्यावर बायको म्हणाली होती. "पण नंतर तुम्हाला माझ्याबरोबर डॉक्टरकडे यावं लागेल."

ती टेबलापाशी गेली. शिष्याने शुद्धीसाठी ओला टॉवेल पुढे केला. तिने हात पुसले, बोटं चोळून बघितली, मग पाण्यात घातली.

गुलाबी.

"स्कूटर!" महाराज डोळे मिटून ओरडले. "मला स्कूटर दिसतेय!"

मी दातओठ खात टेबलापाशी गेलो. बायको मात्र शांतपणे ग्लास उजेडात धरून बघत होती. तिने तोच टॉवेल माझ्या हातात कोंबला.

"अहो, हात पुसा. आता बुडवा यात."

तिने टेबलावरच्या जगमधलं तेच पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं. मी बोटं घातली. पाणी गुलाबी झालं.

"बघा हो, माझ्या नवऱ्यालाही परपुरुषाचा स्पर्श झालाय!"

हॉलमध्ये हशा पिकला. "हा रंग मी रोज परीक्षानळ्यांतून धुते," ती मोठ्याने म्हणाली. "पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे आणि टॉवेलला धुण्याचा सोडा. सोडा लागला की गुलाबी. क्षमाजल म्हणजे व्हिनेगर, वास घेऊन बघा. व्हिनेगर पडलं की रंग गेला. ज्या बाईवर संशय, तिलाच हा टॉवेल. बाकीच्यांना साधा. महाराज, आता तुम्ही पुसा हात!"

महाराजांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. लोक टेबलाकडे धावले, तोवर शिष्य मागच्या दाराने पसार झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. "शेवटच्या क्षणाआधी पुरुषाला थोडा स्राव होतो," त्या म्हणाल्या. "तो आलेला कळत नाही आणि थांबवताही येत नाही. काही पुरुषांच्या त्या स्रावात शुक्रजंतू सापडतात. शिवाय बाजूला व्हायला क्षणभर उशीर झाला तरी पुरे. या पद्धतीवर विसंबणाऱ्या पाच जोडप्यांपैकी साधारण एकाला वर्षभरात दिवस जातात."

"पण मी चुकलो नव्हतो," मी पुटपुटलो.

"तुम्हाला तसं वाटलं. कंडोम सुरुवातीपासून वापरा, तांबी बसवा, गोळ्या आहेत. दोघं मिळून ठरवा."

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मी वर्षापूर्वी सांगत होते." बाहेर आल्यावर ती मुलीला घेऊन ताईकडे गेली. "मूल ठेवायचं की नाही, ते मी आधी एकटी ठरवीन," एवढंच बोलली. मला अडवायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांदेखत हे सांगितलं. पोरं खिदळली. फोरमन म्हणाला, "अरे, बारा वर्षं..."

"तुमचं नशीब," मी म्हणालो. "नशिबाला उपाय म्हणू नका. दिवस गेले तर बायकोकडे बोट दाखवण्याआधी डॉक्टरला विचारा. शरीर कसं चालतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि त्या अज्ञानाची शिक्षा आपण बायकोला देतो."

हसू थांबलं. फोरमन डबा बंद करत हळूच म्हणाला, "त्या डॉक्टरबाई संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतात रे?"