खिळ्यावरचं नारिंगी घड्याळ

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी दुकानाच्या काचेतून बाहेर आलो. मी एक पुरुषांचं मनगटी घड्याळ बोलतोय. खेळाडू घालतात तसलं जाडजूड, नारिंगी रबरी पट्ट्याचं.

मला निवडलं एका बाईने. कडेवर लेक होती. नवरा ट्रक चालवतो, आठ-आठ दिवस घरी नसतो. तो झोपलेला असताना मनगटाला दोरा गुंडाळून तिने माप घेतलं होतं.

"काळा पट्टा दाखवू का, ताई? माणसं काळाच नेतात," दुकानदार म्हणाला.

"नको. अंधारात गाडीतून खाली उतरतात ते. लांबून दिसायला हवेत."

आठचा गजर तिने तिथेच लावून घेतला. आठनंतर लेक झोपते, आणि त्याआधी तिला बाबांचा आवाज लागतो.

नवरा मला बघून हसत सुटला. "अगं, हे घड्याळ आहे की धोक्याचा कंदील?"

"नसेल आवडलं तर ठेवा काढून," ती फणकारली. त्याने मुकाट्याने मला बांधलं.

मी वाजलो की तो गाडी बाजूला घ्यायचा, घरी फोन लावून लेकीशी बोबडं बोलायचा. मग बाई विचारायची, "घड्याळ आहे ना हातात?"

"आहे गं बाई. हात काढून ठेवीन, पण ते नाही!"

पण माप होतं निजलेल्या हाताचं. दिवसभर स्टिअरिंग ओढून मनगट सुजतं, हे तिला घरी बसून कसं कळावं? शेवटच्या भोकात लावूनही मी रुतायचो. एका दुपारी खानावळीत हात धुताना त्याने मला नळाशी काढून ठेवलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ए, गाडी काढ आधी!" तो ओल्या हातांनीच पळाला.

खानावळवाल्या मावशींनी मला गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलं. दोन महिने झाले, तो पुन्हा या वाटेला आलेला नाही. येईल त्या ड्रायव्हरला त्या विचारतात, "तुझं का रे?" तो मान हलवतो, जेवतो, जातो. आठला मी वाजलो की मावशी म्हणतात, "झालं याचं सुरू!" आणि बटण दाबतात. कुणासाठी वाजतोय, ते कुणी विचारत नाही.

मला एकच घोर लागलाय. "घड्याळ आहे ना?" या प्रश्नाला भिऊन तो फोनच टाळत नसेल ना? आणि तिला वाटत असेल, आवडलं नव्हतं म्हणून फेकून दिलं.

तुम्हाला कुणी ट्रकवाले भेटले तर सांगा, ट्रक तोलतात त्या वजनकाट्याच्या पुढच्या खानावळीत नारिंगी घड्याळ आहे. आणि तोच भेटला, तर म्हणावं, मला न्यायला सवडीने ये. आधी घरी फोन कर. हरवलं म्हणून खरं सांग. ती रागावेल, रागावू दे. लेक जागी आहे तोवर कर.