अगदी बरोबर

ठकू फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा वहिनी तिच्याच वॉर्डात दाखल झाली. तिचं काम एवढंच, रुग्णाची विचारपूस करायची, त्याला तपासायचं, काय आढळलं ते सांगायचं, निर्णय डॉक्टरांचा. हे तिने घरी शंभरदा सांगितलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी! दादाच्या लेखी ती डॉक्टर झालीच होती. वहिनी तेवढी म्हणायची, “अर्धी डॉक्टर आहे आमची. उरलेली अर्धी मी.”

आई गेली तेव्हा ठकू लहान होती आणि वहिनी नुकती लग्न होऊन आलेली. तिनेच ठकूला वाढवलं. कॉलेजच्या वेळी दादा आढेवेढे घेऊ लागला, तेव्हा वहिनीनेच त्याच्याशी अबोला धरून त्याला कबूल व्हायला लावलं.

सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर वहिनीच्या खाटेपाशी थांबले. वजन उतरलेलं, अन्नावर वासना नाही. नातं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ठकूकडे बोट केलं. “तुम्ही तपासा.”

“सर, या माझ्या...”

“तपास गं, लाजतेस काय!” वहिनी मध्येच म्हणाली.

ठकूने हात चोळून गरम केले आणि बरगडीखाली बोटं टेकवली. “श्वास घ्या,” ती म्हणाली. ती वहिनीला ‘घ्या’ म्हणाली, याचं वहिनीला हसू आलं. हसता हसता तिने श्वास घेतला आणि यकृताची कड ठकूच्या बोटांवर आली. दगडासारखी. वर उंचवटे. ठकूने पुन्हा चाचपून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं असेल, अशी आशा होती.

“काय लागलं हाताला?” डॉक्टरांनी विचारलं.

ठकूने इंग्रजीत सांगितलं, पुटपुटल्यासारखं.

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “इथे सगळ्यांनी हात लावून पाहा.”

बाकीचे विद्यार्थी एकेक करून पुढे आले. लहान मुलाने आईचा पदर ओढावा तसा वहिनीने ठकूचा कोट ओढला. “पास झालीस ना?”

“हो,” ठकू म्हणाली आणि सगळ्यांबरोबर पुढच्या खाटेकडे गेली. जावंच लागलं.

पुढे स्कॅन झाला. नातं कळल्यावर डॉक्टर वरमले. त्यांनी ठकूला आपल्या खोलीत बसवून सांगितलं, आजार सगळीकडे पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, दुखणं कमी ठेवू. दादालाही त्यांनीच सांगितलं. तो बाहेर आला तो थेट ठकूपाशी.

“तू कर काहीतरी. एवढी शिकलीस ना!”

“दादा, माझ्या हातात काही नाही रे.”

“मग कुणाच्या हातात आहे?”

त्याने कागद घेऊन आणखी दोन दवाखाने पालथे घातले. दोन्हीकडे तेच उत्तर मिळालं. त्यानंतर त्याने ठकूला काही विचारणंच सोडलं. रागावला असता तर बरं, असं तिला वाटे.

वहिनी घरी आली. दादा वाटीत मऊ भात कालवून बसायचा आणि ती दोन घासांनंतर मान फिरवायची. परीक्षा तोंडावर आली होती, तरी ठकू पुस्तक मिटून तिच्या उशाशी बसे.

“भूक कधी लागेल गं मला?” वहिनीने एकदा विचारलं.

दादाचा घास तसाच हातात राहिला. त्यानेही ठकूकडे पाहिलं.

“डॉक्टरांना विचारते उद्या,” ठकू म्हणाली.