दर दोन तासांनी

डॉक्टरांनी एक्सरेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि एका जागेवर बोट ठेवलं. देवमनला तिथं काही म्हणता काही दिसलं नाही. त्याची बायको सुंदराबाई खाली मान घालून बसली होती, जणू पोट दुसऱ्याच कुणाचं होतं.

"अजून जखम नाही, जठराला आतून सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच आवरलं तर पूर्ण बरं होईल. नाहीतर व्रण, मग ऑपरेशन. तिखट बंद, चहा बंद. हे पांढरं औषध घ्यायचं आणि दर दोन तासांनी थोडं खायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही."

घोडं तिथंच तर अडत होतं. देवमन अकोल्याजवळच्या एका स्टेशनात पैंटमन. रूळ बदलायचे, मालगाडीचे डबे जोडायचे. ड्यूटी कधी आठ तास, कधी बारा. तो घरी येऊन जेवल्याशिवाय सुंदराबाई तोंडात दाणा घालायची नाही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा याच बाईनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले, सगळे उपास एका दिवसात बंद केले. ही रीत मात्र काही केल्या सुटेना.

आठ दिवसांत बाटली संपत आली. दुखणं होतं तिथंच. नवव्या दिवशी देवमन ड्यूटीवरून आला तर भाकर टोपलीत तशीच, दुधावर साय धरलेली आणि ही पोटाशी गुडघे घेऊन पडलेली. त्याचं डोकंच फिरलं.

"देव बुडवले तवा नाही भ्याली, अन् माह्या आधी घास खायाले कावून भेतं?"

तो एवढ्याशा खोलीत येरझारा घालत राहिला.

"सासू नाही, सासरा नाही. कोन काय म्हनन तुले?"

"आधी रीत म्हून थांबत होती," सुंदराबाई म्हणाली. "मंग केशरबाईचं झालं."

देवमनचे पाय थांबले. केशरबाई शेजारच्या क्वार्टरातली. दोन वर्षांखाली तिचा नवरा दोन डब्यांच्या मधे चेंगरून गेला होता.

"सांगाले मीच गेली होती. ते जेवून राहिली होती. तोंडातला घास तिले ना गिळता आला, ना थुकता." ती भिंतीकडे वळली. "तुमी दिसल्याबिगर माह्या गळ्याखाली उतरत नाही. मी काय करू?"

देवमनला वाईट वाटलं, आपल्या रागाचं तर फारच. सकाळी निघताना एवढंच म्हणाला, "धा वाजता दारात उभी राय."

यार्डात त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. तीनदा त्यानं स्टेशनातल्या घड्याळाकडे चक्कर मारली. दहाला तो इंजिनांच्या राखेच्या ढिगावर चढला. तिथून क्वार्टरांची दारं दिसत. डोक्याचा पटका सोडून त्यानं हवेत हलवला.

दारातली सुंदराबाई बघत राहिली. मग आत गेली. बराच वेळ कोणी नाही. देवमनला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती ताटली घेऊन आली आणि त्याच्याकडे तोंड करून उंबऱ्यावर बसली.

"देवमन, डबे खोळंबले ना बे," खालून मोतीराम खलाशी ओरडला. "काय पाहून राहिला?"

"थांब जराक," देवमन म्हणाला. "गिळू दे तिले."