शेठसाठी अर्धा दिवस

"कारण बदला," साहेब म्हणाले आणि त्यांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला.

"कोणतं?" मस्टरकाकांनी विचारलं.

"एकच तर लिहिलंय तुम्ही."

ते खरं होतं. अर्ज तीन ओळींचा होता. आज दुपारी दीडपासून अर्धा दिवस किरकोळ रजा मिळावी. कारण: घरातील हॅमस्टर आजारी आहे, डॉक्टरांना दाखवायचे आहे. खाली सही.

"हॅमस्टर म्हणजे उंदीरच ना?"

"भाऊबंदकीतला. जाणंयेणं नाही."

"काका, मी उंदरासाठी रजा मंजूर केली असं वर कळलं तर काय होईल?"

"नामंजूर केली असंही कळू शकतं," काका म्हणाले. "त्यात प्राण्याबद्दलची सहानुभूती वेगळी."

साहेबांनी पंखा एकने वाढवला. वयाने ते काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान होते, आणि टेबल मध्ये असेपर्यंतच त्यांना काकांशी बोलता यायचं.

काका म्हणजे ऑफिसचे हजेरी-रजा कारकून. सत्तावीस वर्षं मस्टर त्यांच्या टेबलावर होतं, म्हणून मस्टरकाका. हजर माणसाची सही काळ्या शाईत, रजेची नोंद लाल शाईत, आणि रजांसाठी प्रत्येकाच्या नावाचं एक वेगळं पान. या काळात सगळ्या ऑफिसच्या पोटदुख्या, लग्नं आणि मयती त्यांच्या हाताखालून गेल्या. एका कारकुनाची आजी आठ वर्षांत चार वेळा वारली होती. नंतर एकदा ती स्वतःच नातवाचा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात आली, तेव्हा काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तब्येतीला जपायला सांगितलं.

एवढे अर्ज वाचून काकांना एक विद्या साधली होती. खोट्या आजाराचा अर्ज दोन पानी असतो; त्यात ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. खऱ्या आजाराचा अर्ज आखूड. आणि अगदी खरा आजारी माणूस अर्जच करत नाही. तो वेळेवर येतो, सही करतो, फाइल उघडून बसतो. फक्त त्याचा डबा तसाच परत जातो. हिशेबनीसांची कावीळ काकांनी डॉक्टरांच्या चार दिवस आधी ओळखली होती, ती अशी.

काकांचं स्वतःचं पान मात्र सत्तावीस वर्षं कोरं होतं. लाल ठिपका नाही. पाच आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते आणि मुख्य कार्यालयातून 'अखंड उपस्थिती'ची ढाल यायची होती. ढालीबरोबर फोटो होता, आणि फोटोत साहेब होते.

"एक करू," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "रजाच नको. कार्यालयीन कामानिमित्त बाहेर, असं लिहितो. तुम्ही खुशाल जा. पान कोरं, ढाल पक्की."

"कार्यालयाचं काय काम आहे डॉक्टरांकडे?"

"काका, सगळेच लिहितात."

"माहितेय. मीच नोंदवतो."

"बरं, मग आत्या आजारी आहे म्हणा. कुणाला तरी आत्या असतेच."

"आत्या ठणठणीत आहे. आजारी शेठ आहे."

शेठ म्हणजे तोच, सध्या काकांच्या टेबलाखाली बसलेला. पुठ्ठ्याच्या खोक्याला फायली शिवायच्या दाभणाने भोकं पाडून काकांनी त्याला सकाळी ऑफिसात आणलं होतं. रजा मंजूर नसताना घरी राहणं काकांना जमण्यासारखं नव्हतं, आणि त्याला एकटं ठेवणंही नव्हतं. आवक-जावकच्या बाई दर दहा मिनिटांनी वाकून आत बघायच्या आणि "आहे" असं सांगायच्या.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली तेव्हा "बाबा, आठच दिवस" म्हणून पिंजरा ठेवून गेली होती. त्याला चौदा महिने झाले. पहिले आठ दिवस काका त्याला 'तो' म्हणायचे. नवव्या दिवशी त्यांनी पाहिलं, की दिलेलं दाणापाणी हा खात नाही. दोन्ही गालांत कोंबतो, फुगलेल्या तोंडाने कोपऱ्यात नेतो आणि साठवून वर बसतो. शेठ हे नाव त्या दिवशी पडलं. दिवसभर झोप, रात्री चाकावर दौड. दर रविवारी काका त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून तोलायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. मुलगी फोनवर हसायची. "बाबा, तुम्ही त्याचंही मस्टर ठेवलंत?"

एकशे बेचाळीस ग्रॅम. एकशे एकेचाळीस. मागच्या रविवारी एकशे चौतीस.

सोमवारी रात्री चाक फिरलं नाही. मंगळवारी त्याचा डावा गाल भरलेला होता. बुधवारीही भरलेलाच, आणि उजवा रिकामा. कोपऱ्यातली साठवण जशीच्या तशी. डाव्या डोळ्यात पाणी. आणि बुधवारी सकाळी, झोपायच्या वेळेला, शेठ पिंजऱ्याच्या दाराशी पाठीला किंचित कुबड काढून बसला होता. काकांनी सूर्यफुलाची बी पुढे केली. त्याने ती दोन हातांत घेतली, धरली, आणि नुसता बसला. खाल्ली नाही. घेतली मात्र, आजारी माणूस वेळेवर येऊन मस्टरवर सही करतो तशी.

ते बसणं काकांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी त्यांची बायको अशीच हातात कप धरून बसली होती. चहा प्यायली नव्हती. "काही नाही हो, पित्त आहे," ती म्हणाली होती. "तुम्ही निघा, उशीर होईल." काका निघाले. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सही केली. त्या दिवसाच्या रकान्यात ती अजून आहे, काळ्या शाईत, सुबक. संध्याकाळी घराचं दार शेजाऱ्यांनी उघडलं. शनिवार-रविवार सुट्टी होती, सगळं त्यातच उरकलं. सोमवारी काका हजर होते. साऱ्या ऑफिसची दुखणी ओळखणाऱ्या माणसाला घरातलं ओळखता आलं नाही, कारण तिने अर्ज केला नव्हता.

ढाल मिळणार होती ती याची.

मुलीला काल फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्यांचं आयुष्यच दोन वर्षांचं असतं. जिवाला लावून घेऊ नका. हवं तर दुसरा घेऊ."

"दुसरा घे," काका म्हणाले होते. "त्याचं कॅलेंडर वेगळं लावू."

छोट्या प्राण्यांच्या डॉक्टर फक्त गुरुवारी बसायच्या, शहराच्या पार त्या टोकाला, तीनपर्यंत. आज गुरुवार होता. साहेबांच्या भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काका, ढाल जाईल," साहेब म्हणाले. यावेळी धमकी नव्हती, काकुळती होती.

"जाऊ द्या. घरात भिंतीही मोजक्याच आहेत."

"आणि मी नामंजूर केली तर?"

"तर विनापरवानगी गैरहजर, अशी नोंद होईल. उद्या मीच करीन. तीही लाल शाईतच असते." काकांनी अर्ज पेपरवेटखाली ठेवला, नीट, कडेला कड लावून. "सत्तावीस वर्षं लोकांची खोटी कारणं खरी मानून लिहिली, साहेब. आता माझं खरं कारण मी खोटं करून लिहिणार नाही."

दीड वाजता त्यांनी पेनाला टोपण लावलं, खोकं उचललं आणि सगळ्या ऑफिसच्या समोरून, मधल्या वाटेने, बाहेर गेले. त्या वेळेला त्यांची पाठ कुणी कधी पाहिली नव्हती.

दवाखान्यात सगळी खानदानी कुत्री होती. एका प्रचंड कुत्र्याच्या मालकीणबाईंनी खोक्यात डोकावून विचारलं, "एवढ्याशासाठी आलात?"

"एवढासाच आहे," काका म्हणाले. "मोठा असता तर तो मला घेऊन आला असता."

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या होत्या. "कधीपासून?" त्यांनी विचारलं, आणि काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. वजनं, तारखा, चाक बंद पडल्याची रात्र, गाल, डोळा, न खाल्लेली बी. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"लोक आणतात तेव्हा तो आडवा पडलेला असतो," त्या म्हणाल्या. "हे प्राणी दुखणं लपवतात. तुम्हाला कसं कळलं?"

"ऑफिसात असतो," काका म्हणाले.

गुंगी देऊन त्यांनी चिमट्याने डाव्या गालाच्या पिशवीतून ओढून काढला तो कापूस. ओला, पिवळा, धाग्यांनी चिकटलेला. आत जखम होऊन पू धरला होता.

"कापूस कुणी घातला पिंजऱ्यात?"

"मी. थंडी होती म्हणून."

"मऊ दिसतो, पण गालात अडकतो, पायांना गुंडाळतो. पांढरे टिश्यू फाडून घालत जा." काकांचा चेहरा बघून त्या थांबल्या. "पुष्कळ लोक घालतात. आणि आठवडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते. दिवसातून दोनदा हे औषध, थेंबाथेंबाने. वय?"

"दोनला दोन महिने कमी."

"म्हणजे म्हातारा आहे. औषधाने गाल बरा होईल, वय नाही होणार."

"गालासाठीच आलोय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा पंचवीसला ते हजर होते. सही केली, काळी. मग स्वतःचं पान उघडलं, लाल शाईचं पेन घेतलं आणि लिहिलं: अर्धा दिवस. हॅमस्टर आजारी. डॉक्टरांकडे नेला. अक्षर नेहमीसारखं. पेपरवेटखालचा अर्ज शिपायाने आणून दिला. त्यावर साहेबांनी 'विशेष बाब म्हणून मंजूर' असं लिहून इतकी बारीक सही केली होती, की ती आपली नव्हे असं म्हणायची सोय राहावी.

ढाल दुसऱ्या शाखेला गेली. तिथल्या माणसाच्या घरी सत्तावीस वर्षांत कुणालाच काही झालं नव्हतं.

पण ते लाल पान बघायला लोक येऊ लागले. आधी पाणी प्यायच्या निमित्ताने, मग उघडच. आणि आठवड्याभरात काकांच्या टेबलावर चमत्कारिक अर्ज पडू लागले. आवक-जावकच्या बाईंनी लिहिलं, 'कंटाळा आला आहे.' शिपायाने लिहिलं, 'बायकोशी भांडण झाले आहे, मिटवायचे आहे. अर्धा दिवस पुरेल.' चार वेळा आजी वारलेल्या कारकुनाने एक दिवस मागितला, 'आजीला भेटायला'. काकांनी सगळ्यांवर 'शिफारस' असा शेरा मारला. महिन्याच्या शेवटी साहेब स्वतःच टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांचा अर्ज वर जायचा, पण नोंद काकांकडे.

"मुलाच्या शाळेत नाटक आहे," ते छताकडे बघत म्हणाले. "झाड झालाय तो."

"मोठं काम आहे," काका म्हणाले. "शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. जा."

शेठचा गाल सपाट झाला. चौथ्या रात्री चाक फिरलं. पुढे रोज, थोडं थोडं. कोपऱ्यातल्या पंचवीस ग्रॅमच्या इस्टेटीत पुन्हा भर पडू लागली. काकांच्या नोकरीचे पाच दिवस राहिले असताना, एका रविवारी सकाळी, तो टिश्यूच्या घरट्यात झोपलेला सापडला. बी हातात नव्हती. वजन करायचा दिवस होता. काकांनी ते केलं नाही. कुंडीतल्या मातीत त्याला ठेवला आणि मुलीला फोन केला. ती बराच वेळ रडली. "बाबा, बरं झालं तुम्ही नेलंत," एवढंच शेवटी म्हणाली.

रविवार असल्यामुळे अर्जाचा प्रश्न आला नाही. सोमवारी काका येणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. सोमवारी ते येतातच.

सोमवारी त्यांचा अर्ज आला. शिपाई घरून घेऊन आला. एक दिवस. कारण: शेठ गेला. साहेबांनी यावेळी सही मोठी केली.

काकांनी पिंजरा धुतला, चाक पुसून वाळत ठेवलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. स्वयंपाकघरात खिडकीजवळ जुनी खुर्ची होती. जाण्यायेण्याच्या वाटेत यायची, काकांचा पाय हजारदा ठेचकाळला होता. पण बायकोने ती कधी हलवू दिली नव्हती, आणि ती गेल्यावर काकांनी हलवली नव्हती.

ते त्या खुर्चीवर बसले. साडेदहा वाजले. समोरच्या इमारतीच्या कडेवरून ऊन आत आलं, फरशीवरून सरकत खुर्चीच्या पायाशी पोहोचलं आणि हळूहळू त्यांच्या मांडीवर चढलं. घरात या वेळेला एवढं ऊन येतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

ते हलले नाहीत. दिवस मंजूर होता.