सुजलेला हात, कोरडा हात

निरगुडीची फोक पाठीवर बसते तेव्हा आवाज आधी येतो आणि किंकाळी मागून. पनवेलजवळच्या नेरे गावापलीकडे पत्र्याच्या मांडवात दर रविवारी दोनशे माणसं तो आवाज ऐकायला जमत. त्या रविवारी फोक समृद्धीच्या पाठीवर पडत होती. वय बावीस, अंगात ताप, हाडांवर नुसती कातडी. काळूरामबुवाच्या दोन चेल्यांनी तिचे केस धरून मान जमिनीला टेकवली होती. पुढच्या रांगेत तिची सासू मैनाबाई ताठ बसली होती. पदर खोचलेला, उजवा हात कोपरापर्यंत उघडा, सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवलेला.

कारण तो हात कोरडा होता.

बुवाचा चमत्कार साधा होता, म्हणूनच माणसं चळली होती. ज्या घरात आजार, तिथल्या बायकांना तो गुरुवारी बोलावी आणि मोरपिसाच्या देठाने प्रत्येकीच्या मनगटावर काळ्या लेपाचा ठिपका देई. पहिला ठिपका देवाशी ओळख म्हणून. पंधरा दिवसांनी दुसरा, परीक्षेचा. मग रविवारी हात बघायचे. जिच्यात बाधा, तिचा हात लाल सुजलेला, पाण्याच्या फोडांनी भरलेला. जी शुद्ध, तिचा कोरडा. लेप एक, डबी एक, सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत. यात लबाडी करायला जागा कुठे? नवल एवढंच, की दर वेळी सून सुजे आणि सासू कोरडी राही. आसपासच्या सासवांना इतका न्यायी देव आजवर भेटला नव्हता.

"बाधेला तरणं रगत लागतं," बुवा घसा फुगवून सांगत होता. "म्हातारीच्या हाडांत तिला काय गावणार? ही सासरचं घर खाया आली हाय. हिचा हात बोलतोय, मी नाय बोलत."

फोक पुन्हा बसली. समृद्धीला खोकल्याची उबळ आली आणि सतरंजीवर रक्त सांडलं. बुवाने दोन्ही हात वर केले. अर्धी बाधा तोंडावाटे निघाली म्हणाला, उरलेली पुढच्या रविवारी विळा तापवून पोटावर डाग दिला की निघेल. लोकांनी देवाचा घोष केला. मैनाबाईचा मुलगा दयाराम, कळंबोलीच्या लोखंडबाजारात क्रेन चालवणारा धट्टाकट्टा गडी, त्याने बायकोच्या रक्ताकडे पाहिलं आणि बुवाच्या पाया पडला.

मैनाबाईची शाळा दुसरीपर्यंत, पण जीभ अशी की भावकीतले पुरुष तिच्या ओट्यावरून जाताना मोबाइल कानाला लावत. गुरुवारच्या दुसऱ्या ठिपक्यापासून ती कोरडा हात मिरवत गावभर फिरली होती. मात्र सोमवारी सकाळी तिने सुनेच्या पाठीवरचे वळ कोमट पाण्याने पुसले. मनगटावरचे फोड धुवायला घेतले तर मधला काळा डाग साबणाने निघेना. तिने स्वतःच्या मनगटावरचा ठिपका घासून बघितला. तोही निघेना.

धोब्याच्या खुणेसारखा डाग. कपडा फाटेल पण तो जाणार नाही.

मैनाबाईने तो ओळखला, बिब्ब्याचा. लग्नाआधी आईबरोबर डोंगरातून बिब्बे गोळा करून ती पनवेलच्या बाजारात विकत असे. एकदा बिब्बा फोडताना तेल गालाला लागलं, तर तोंड भोपळ्याएवढं झालं होतं आणि चार दिवस डोळे उघडले नव्हते. हे भूत तिने पोरपणी टोपलीने विकलं होतं.

पण मग आपला हात कोरडा कसा? तेल तर तेच. तेव्हा तोंड सुजलं, आता साधी खाजही नाही. क्षणभर मनात गोड विचार आला, की आपण खरंच शुद्ध असू. तेवढ्यात समृद्धी पुन्हा खोकली, आणि पदराला रक्त लागलं.

तिने सुनेला उठवलं. दयाराम दारात आडवा झाला. बुवाने घराबाहेर काढायला मनाई केलीय म्हणत त्याने समृद्धीचा दंड पिरगाळला. मैनाबाईच्या हातात उलथनं होतं. ते त्याच्या मनगटावर असं बसलं की तो कळवळून बाजूला झाला.

"काल तुझ्या बायकोला मारत व्हते तवा मी गप बसली," ती म्हणाली. "ता माजं चुकलं. आज मधी आलास त हात मोडीन."

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाझिया होत्या, पनवेलच्याच कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांनी समृद्धीची पाठ बघितली आणि वळ कागदावर नोंदवले. दोघींचा बेडका तपासायला पाठवला, दोघींच्या छातीचा एक्स-रे काढला. माझा कशाला, म्हणून मैनाबाई भांडली. तंबाखूचा खोकला आहे, चार महिने झाले, म्हातारपणी असतोच. नाझियांनी ऐकलं नाही. दुपारी रिपोर्ट आले.

"आजी, समृद्धीला क्षय आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हालाही."

"मला? ताप नाय, घाम नाय. माज्या अंगात काय घुसलं त मला कललं नसतं?"

"जंतू आत शिरले की अंग त्यांच्याशी भांडतं. त्या भांडणाची आग म्हणजे ताप, घाम, सूज. तरुण अंग कडाकडा भांडतं. वय झालं की बऱ्याच जणांचं भांडण मंदावतं. जंतू आत बसून खातात आणि बाहेर धूर दिसत नाही."

"माजं अंग भांडत नाय? नेऱ्यात इचारा कोनालाबी."

डॉक्टर हसल्या, मग त्यांनी दोघींची मनगटं शेजारी ठेवली. बिब्ब्याचंही तसंच, म्हणाल्या. पहिल्या ठिपक्याने अंगाला त्याची ओळख होते, दुसऱ्याला तरुण अंग चवताळून उठतं. म्हातारं अंग पुष्कळदा तसंच पडून राहतं. म्हणून बुवाच्या मांडवात सुना सुजतात. त्यात भूत नाही आणि शुद्धपणाही नाही, फक्त वय आहे.

मैनाबाईने कोरडं मनगट पदराखाली घेतलं. मग विचारलं, कोणी कोणाला दिला? शपथेवर सांगता येत नाही, नाझिया म्हणाल्या, पण तुमच्या छातीतले डाग जुने दिसतात. मैनाबाईला सबंध थंडी आठवली. दारं बंद, शेजारी समृद्धीचं अंथरूण. ती पाय चेपत होती, थुंकीचं टमरेल रोज सकाळी धूत होती. आणि आपण तिच्या तोंडावर खोकत तिलाच शिव्या देत होतो.

समृद्धीला भरती करून घेतलं. औषध एक दिवसही चुकवायचं नाही, मग दोघी बऱ्या व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलं. आणखी एक मार पडला असता तर मात्र पोरगी हातची गेली असती, हेही सांगितलं.

गुरुवारी मैनाबाई तोंडाला मास्क बांधून एकटीच मांडवात गेली. बुवाने सून कुठे विचारलं. तिने डबी मागितली. त्याच देवाचा लेप बुवांच्या गालाला लावू, म्हणाली, बघू बुवा किती शुद्ध. पस्तिशीतला बुवा मागे सरकला; लेप तोच कुटत असे, त्याच्या अंगाला बिब्ब्याची ओळख जुनी होती. एका चेल्याने तिला ढकललं, खांबावर आपटून तिचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत उतरत असताना म्हातारीने झेप घेतली, डबीत बोटं बुडवली आणि बुवाच्या दोन्ही गालांवर फासली.

"रैवारी निकाल," ती म्हणाली.

बुवा नळाकडे धावला. स्वतःच्या देवाचा लेप साबण लावून खरवडणारा बुवा ठिपक्यासाठी आलेल्या सगळ्यांनी बघितला.

रविवारी लोकांनी त्याला खोलीतून ओढून काढलं. चेले पळाले होते. त्याचं तोंड सुजून फुटायला आलं होतं, डोळे मिटलेले, फोडांतून पाणी गळत होतं. कालपर्यंत पाया पडणाऱ्यांनीच निरगुडी उचलली. बाधा यालाच आहे, हात नाही तर तोंड बोलतंय, असा कल्ला झाला. मैनाबाईच्या शेजारच्या दादूच्या म्हाताऱ्या आईने पहिली फोक मारली. मग कोणी दांडा, कोणी चप्पल. बुवाचा दात तुटून पडला. दयारामने विळा विस्तवात घातला आणि लाल झाल्यावर बाहेर काढला.

मैनाबाईला वाटलं, बसू दे. पोटावरच बसू दे. मग ती मुलाच्या आणि बुवाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. विळ्याची धग तिच्या तोंडाला लागत होती.

"याला भूत नाय. याला बिब्बा उतलाय," ती म्हणाली. "याला भूत नाय, त तुमच्या सुनांनाबी नव्हतं. सुनांना व्हतं म्हनाल, त यालाबी हाय. एक काय ता ठरवा."

दादूच्या आईने हातातली फोक खाली ठेवली.

"रोग माज्या सुनेला मीच दिला. हितं कोरडा हात दाखवत बसलेली मी. डाग द्याचा त मला दे, दयाराम."

दयारामच्या हातातून विळा पडला. त्याने गुडघ्यांत तोंड घातलं. कल्ला ऐकून कोणीतरी बोलावलेल्या पोलिसांनी बुवाला आधी दवाखान्यात नेलं, मग कोठडीत. जादूटोण्याच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला साक्ष लागणार होती. मैनाबाईने पहिला अंगठा दिला.

पण त्याआधी, गर्दी पांगण्यापूर्वी, तिने विचारलं, दोन आठवड्यांवर खोकला कोणाला आहे? एकही हात वर झाला नाही. दादूची आई पदरात तोंड खुपसून खोकली आणि लगेच म्हणाली, मला ताप नाय.

"नसंल," मैनाबाई म्हणाली. "आपलं अंग आता सांगत नाय, म्हनून बेडका तपासाचा. पोरींच्या पाठी नाय फोडाच्या. उद्या सकाळी आठच्या गाडीला ये."

सोमवारी गाडीत सात सासवा होत्या.