शेजारच्या सीटची काच

अण्णांनी स्वतःच्या गाडीची काच स्वतःच फोडली होती, त्यामुळे बोंब मारायची तरी कुणाच्या नावानं? किल्ली आत राहिली, दारं बंद झाली, आणि दुसरी किल्ली घरात कुठे ठेवलीय हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती मागच्या वर्षी गेली. किल्लीवाल्याला बोलावलं असतं तर चहा निवेपर्यंत काम उरकलं असतं, पण दुसऱ्याला बोलावणं अण्णांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी दगड उचलला आणि शेजारच्या सीटची काच फोडून किल्ली काढली.

इमारतीत त्यांना मागून ‘स्वयंभू’ म्हणत. नळ गळो, पंखा अडो, दार फुगो, अण्णा स्वतःच पाना घेऊन बसणार. आणि काम झालं की जिन्यात जो भेटेल त्याला थांबवून सांगणार, "एकट्यानं केलं." ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते. तरी म्हातारा हाताचा पक्का आहे, हे कुणी नाकारत नसे.

आता अडचण अशी, की उद्या मुलगा येणार होता आणि तो काही गप्पा मारायला येत नव्हता. बाबांनी घर बंद करावं, गाडी विकावी आणि आपल्याकडे राहायला यावं, हे त्याचं आई गेल्यापासूनचं पालुपद. तुम्हाला एकट्यानं झेपणार नाही, असं तो दर फोनला म्हणायचा आणि अण्णा दर फोनला त्याला उडवून लावायचे. मुलाच्या घरी नातवाच्या खोलीत त्यांना एक पलंग मिळणार होता. पान्यांच्या पेटीला जागा मिळणार नव्हती. दाराला प्लास्टिक चिकटवलेली गाडी त्यानं पाहिली असती, तर अण्णांना बोलायला तोंडच उरलं नसतं. म्हणून भंगारवाल्याकडून तसल्याच गाडीची काच आणून ते सकाळी खाली ठाण मांडून बसले.

सुरुवात तर झकास झाली. स्क्रू काढून दाराचं आतलं आवरण सुटं केलं. त्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्या एकदोन. त्या तुटतातच, तुटल्या नाहीत तर काढणाऱ्याला चैन पडत नाही. दाराच्या पोटात पडलेला काचेचा चुरा त्यांनी आधी हातमोजे घालून आणि मग जुन्या ब्रशनं काढला. नवी काच तिरकी करून फटीतून आत सोडली, दोन्ही बाजूंच्या रबरात नीट सरकवली. राहिलं होतं ते एवढंच, की काच ज्या पट्टीवर वर-खाली होते तिच्यावर ती टेकवायची आणि दोन बोल्ट आवळायचे. मात्र ते आवळेपर्यंत काच वरून धरून ठेवावी लागते. अण्णांनी एका हातानं ती धरली आणि दुसऱ्यानं पाना घ्यायला गेले, तर पाना पलीकडच्या सीटवर. मान न वळवता ते म्हणाले, "धर गं जरा," आणि काच सोडून दिली.

काच धाडकन दाराच्या तळाशी गेली. फुटली नाही, हे नशीब. अण्णा मात्र हात तसाच पुढे ठेवून वाकून राहिले.

तिची आठवण त्यांना रोज यायची. एकाच कपाचं आधण ठेवताना यायची, संध्याकाळी दिवा लावताना यायची, आणि त्यांनी ती अंगवळणी पाडून घेतली होती. हे वेगळं होतं. हातानं काच सोडली, कारण ती पकडली जाणार याची हाताला खात्री होती. पंखा उघडला तेव्हा स्टूल तिनं धरलं होतं. मोरीखाली टॉर्च तिनं धरला होता, स्क्रू तिच्या ओंजळीत असायचे, आणि अण्णा वरून खेकसायचे, टॉर्च माझ्या नाकावर कशाला मारतेस म्हणून. मग जिन्यात ते "एकट्यानं केलं" सांगत, तेव्हा ती मागे पिशवी घेऊन उभी असायची आणि गालातल्या गालात हसायची. एकट्यानं त्यांनी जन्मात काहीच केलं नव्हतं. भर दुपारी, गुडघे ठणकत असताना त्यांना हे कळलं आणि भयंकर एकटं वाटलं.

त्यांनी चिकटपट्टी लावून पाहिली. काचेच्या वजनानं ती सुटून आली. शेवटी ते रस्ता ओलांडून समोरच्या शिवणकामाच्या दुकानात गेले. तिथल्या ताईंशी त्यांचा संबंध इतकाच, की मशीनचा आवाज वरपर्यंत येतो म्हणून अण्णांनी त्यांना मागे चार शब्द सुनावले होते. आता मदत मागायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी नाडी मागितली. लांब आणि मजबूत.

ताईंनी त्यांच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं आणि पायजम्याला काय झालं ते विचारलं. पायजमा ठीक आहे, काच टांगायची आहे, असं म्हणून अण्णांनी सगळा बेत समजावला: नाडी टपावरून कशी घ्यायची, गाठ कुठे मारायची. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"नाडी कशाला, काका? मी येते की धरायला."

त्यांनी बाहेरून दोन्ही तळव्यांत काच धरली. अण्णांनी आत वाकून पहिला बोल्ट आवळला, मग दुसरा. एकदाही खेकसले नाहीत. धरता धरता ताई म्हणाल्या, की मुलगा येणार आहे असं कानावर आलंय, त्याला खुशाल सांगा एकट्यानं बसवली म्हणून, मी ब्र काढणार नाही. त्यांनी थट्टेतच म्हटलं होतं. अण्णांना हसू आलं नाही.

"दरवेळी तीच धरायची," ते दाराकडे बघत म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही कधी. उद्या तो विचारेल, एकटे राहाल का. काय सांगू कळत नाही."

दोन्ही बोल्ट केव्हाच घट्ट झाले होते. पाना त्यांच्यावर नुसता टेकलेला होता, आणि काचेतून ताईंनाही ते स्वच्छ दिसत होतं.

"सोडू का, काका?"

"नको," अण्णा म्हणाले. "थोडा वेळ धरा अजून."

ताईंनी काच धरून ठेवली.